हार गळ्यात पडला, नाव अजून रजिस्टराबाहेर

बडोद्यात एखाद्या शिक्षणसंस्थेचा प्रमुख बदलला की दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात पेढे वाटून होतात, फलकावरचं नाव रंगवून होतं, नवे प्रमुख शाळेच्या कार्यक्रमात समई लावून मोकळे होतात. चॅरिटी कचेरीच्या, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, रजिस्टरात मात्र जुनंच नाव असतं आणि ते पुढचे कित्येक महिने तसंच राहतं. बँक, आयकर खातं, शिक्षण खातं, गांधीनगर यांपैकी कुणीही ‘प्रमुख कोण?’ असं विचारलं की बोट त्या रजिस्टराकडेच जातं. आम्ही जी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवली तिच्यात बदलाचे तिन्ही नेहमीचे प्रकार एकदम आले होते. एक विश्वस्त वारले, एकाने राजीनामा दिला, आणि प्रमुखांची मुदत संपून नवे प्रमुख निवडून आले. संस्थेचा पसारा म्हणजे शाळा, महाविद्यालय आणि त्याच मंडळाने प्रायोजित केलेलं खाजगी विद्यापीठ. नाव सांगण्याचं कारण नाही, कारण कागदांची वाट सगळ्यांची एकच आहे.

आधी शब्द. महाराष्ट्रातून आलेला माणूस इथे पहिल्यांदा शब्दांत अडकतो. पुण्यात ज्यांना अध्यक्ष म्हणतात ते इथे प्रमुख, चिटणीस ते मंत्री, कार्यकारिणी ती कारोबारी, घटना ते बंधारण, प्रतिज्ञापत्र ते सोगंदनामुं, आणि तिकडचा ‘चेंज रिपोर्ट’, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं चॅरिटी कचेरीला कळवणारा अर्ज, तो इथे फेरफार रिपोर्ट. कायद्याचं मूळ मात्र एकच, १९५० चा मुंबईचा सार्वजनिक ट्रस्ट कायदा. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणून तो इथल्या संस्थांना लागू झाला. १९६० साली राज्य वेगळं झालं तरी गुजरातने तो चालू ठेवला आणि पुढे नावातलं ‘मुंबई’ काढून ‘गुजरात’ घातलं. त्यामुळे ‘कलम २२’, म्हणजे असा बदल कळवण्याचं कलम, म्हटलं की पुण्याच्या आणि बडोद्याच्या वकिलाला एकच गोष्ट कळते. फरक पडतो तो दुरुस्त्यांत. महाराष्ट्राने २०१७ साली या कलमात जे बदल केले ते गुजरातेत लागू नाहीत. पुण्याच्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तयार अर्ज इथे चालवायला गेलात की पहिल्याच टेबलावर तो परत हातात येतो.

दुसरा गोंधळ ‘विद्यापीठाचे ट्रस्टी’ या शब्दांचा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाला विश्वस्त मंडळ नाही. ते १९४९ च्या स्वतंत्र कायद्याने उभं राहिलं, तिथे सेनेट आणि सिंडिकेट होत्या, आणि २०२३ च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्याने त्यांच्या जागी बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आणलं. ट्रस्टी असतात ते खाजगी विद्यापीठाच्या मागे. गुजरातचा २००९ चा खाजगी विद्यापीठ कायदा त्यांना ‘प्रायोजक संस्था’ म्हणतो. विद्यापीठाचा प्रेसिडेंट ही प्रायोजक संस्था नेमते, तो गव्हर्निंग बॉडीच्या अध्यक्षस्थानी बसतो, आणि कुलगुरूच्या कामाला इथे प्रोव्होस्ट असतो. कायद्याच्या परिशिष्टात नाव असतं ते प्रायोजक संस्थेचं, माणसाचं नव्हे.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की ट्रस्टचा प्रमुख बदलला म्हणून विद्यापीठाचा प्रेसिडेंट आपोआप बदलत नाही. वर्षानुवर्षं दोन्ही खुर्च्यांवर एकच गृहस्थ बसलेले असतात, त्यामुळे सगळ्यांना ती एकच खुर्ची वाटू लागते. ‘सर्व पदांचा कार्यभार नव्या प्रमुखांकडे सोपवण्यात येत आहे’ असा एका ओळीचा गोल ठराव केला तर चॅरिटी कचेरी त्यातलं ट्रस्टीपद तेवढं पाहते आणि विद्यापीठाचं रजिस्ट्रार कार्यालय म्हणतं, आमच्यासाठी यात काही नाही. ठराव वेगवेगळेच हवेत. एक ट्रस्टच्या प्रमुखपदाचा, दुसरा प्रायोजक संस्था म्हणून प्रेसिडेंट नेमण्याचा, तिसरा गव्हर्निंग बॉडीवरच्या आपल्या प्रतिनिधींचा. मागच्या प्रतिनिधींची मुदत बाकी असेल तर त्यांना हलवायचं की ठेवायचं हेही तिथेच लिहावं. मौन ठेवलं की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

आता खरं काम. सभेची तारीख ठरवण्याआधी आम्ही पी.टी.आर. चा, म्हणजे ट्रस्ट रजिस्टरच्या पानाचा, ताजा प्रमाणित उतारा काढला. कपाटातली जुनी झेरॉक्स कामाची नाही. या पानावर ट्रस्टचं नाव, विश्वस्त आणि व्यवस्थापक यांची नावं आणि पत्ते, उत्तराधिकाराची पद्धत, उद्देश, मूळ दस्त, स्कीम (ट्रस्टच्या कारभाराची मंजूर योजना) असेल तर तिचा तपशील आणि मालमत्ता असे रकाने असतात. १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंद असेल तर नोंदणी क्रमांक दोन असतात आणि प्रत्येक कागदावर दोन्ही लिहावे लागतात.

उताऱ्यावर तीन गोष्टी पाहायच्या. विश्वस्तांच्या यादीत आज कुणाची नावं आहेत, नावाशेजारी कोणत्या फेरफार रिपोर्टाचा क्रमांक आणि हुकमाची तारीख आहे, आणि उत्तराधिकाराच्या रकान्यात नेमकं काय लिहिलंय. पहिल्या गोष्टीतच निम्म्या संस्था गार पडतात. यादीत अशी माणसं निघतात ज्यांची तेरावी होऊन दहा वर्षं झाली, आणि गेली दोन टर्म सह्या करणारे मंत्री यादीत कुठेच नसतात. मधला एखादा रिपोर्ट दाखल झालेला असतो, पण तारखांना कुणी गेलं नाही म्हणून तो काढून टाकलेला असतो. कधी तो दाखलच झालेला नसतो, वकिलाच्या टेबलावर राहिलेला असतो.

हे महत्त्वाचं का, तर फेरफार रिपोर्ट साखळीसारखे असतात. आज नव्या प्रमुखाला निवडणारी माणसं स्वतः कायदेशीर विश्वस्त आहेत का, हे मागच्या रिपोर्टावर ठरतं, तो त्याच्या मागच्यावर. मधली एक कडी निसटली असेल तर आजची निवडणूक कितीही नेटकी घ्या, आक्षेप घेणाऱ्याला वकीलसुद्धा लागत नाही. तो फक्त उतारा पुढे करतो. म्हणून जुनी कडी आधी दुरुस्त करायची. प्रलंबित रिपोर्ट असेल तर त्याचा निकाल लावून घ्यायचा. दाखलच नसेल तर विलंब माफीच्या अर्जासह आता दाखल करायचा. काढून टाकलेला असेल तर तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज, किंवा अपिलाची मुदत पाहून अपील. नवा रिपोर्ट त्यानंतर किंवा त्याच्या सोबत चालतो. यात वर्ष गेलं तरी जाऊ द्यावं असं आमचं मत आहे. घाईने नवा रिपोर्ट पुढे रेटला तर पुढे दोन्ही अडकतात.

उत्तराधिकाराचा रकाना ही बडोद्याची खास गंमत. संस्थानी काळात झालेल्या दस्तांत पदसिद्ध विश्वस्त म्हणून ‘विद्याधिकारी’, ‘सुभा’ किंवा ‘दिवाण’ असं लिहिलेलं सापडतं. ती पदं संस्थानाबरोबर गेली. रकान्यात ‘सात विश्वस्त, त्यांपैकी एक विद्याधिकारी’ असं असेल आणि ती जागा पंचाहत्तर वर्षं रिकामी असेल, तर गणपूर्ती सातावर मोजायची की सहावर, हा प्रश्न कुणीतरी वादाच्या वेळी बरोब्बर काढतो. त्याचं उत्तर सभेत मतदानाने देता येत नाही. बंधारणात किंवा स्कीममध्ये रीतसर दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि ते काम निवडणुकीच्या गडबडीत उरकण्यासारखं नाही. तोवर गणपूर्ती मोठ्या आकड्यावर मोजावी. सातावर पुरली तर सहावर पुरतेच.

मग येतात नव्वद दिवस. कलम २२ प्रमाणे बदल घडल्यापासून ९० दिवसांत रिपोर्ट दाखल करायचा. ‘बदल घडला’ म्हणजे कधी, इथे चुका होतात. मृत्यू झाला असेल तर मृत्यूची तारीख. निवड झाली असेल तर सभेची तारीख. पुढच्या सभेत मिनिटं (सभेचं इतिवृत्त) कायम झाली ती नव्हे. राजीनाम्यात तो कुणाला द्यायचा आणि मंजुरी लागते का, हे बंधारणात पाहावं. मंजुरी लागत असेल तर मंजुरीच्या ठरावाची तारीख धरतात.

उदाहरण घ्या. विश्वस्त १० जानेवारीला वारले. लीप वर्ष नसेल तर नव्वदावा दिवस १० एप्रिल. आता ‘एप्रिलच्या शेवटी निवडणूक आहेच, दोन्ही एकदम देऊ’ असं कारोबारी म्हणते. ऐकायला बरं वाटतं, पण मृत्यूचा रिपोर्ट तोवर मुदतीबाहेर गेलेला असतो. मृत्यूचा वेगळा, छोटा रिपोर्ट आधी देऊन टाकावा. त्यात वाद कुणी घालत नाही, महानगरपालिकेचा दाखला जोडला की काम झालं. आमच्या फाइलमध्ये तिन्ही बदल एका रिपोर्टात घालण्याचा मोह झाला होता. घातले असते तर निवडणुकीवरच्या आक्षेपाने मृत्यूची बिनवादाची नोंदसुद्धा लोंबकळत राहिली असती. मुदत उलटलीच तर विलंबाची कारणं सोगंदनाम्यावर द्यावी लागतात. ‘पदाधिकारी कामात होते’ हे कारण नव्हे. ‘मृत्यूचा दाखला अमुक तारखेला मिळाला, पावती सोबत’ हे कारण.

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त फाइली कुठे मरतात असं विचारलं तर उत्तर एकच: सभेच्या नोटिशीवर. बहुमत कुणाकडे होतं हा प्रश्न चौकशीत फार पुढे येतो, आणि बऱ्याचदा येतच नाही, कारण आधी नोटीसच पडते.

बंधारणात ‘पूर्ण १४ दिवसांची नोटीस’ लिहिलं असेल तर नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून चौदा मोजायचे. १ तारखेला टपालात टाकली तर सभा लवकरात लवकर १६ तारखेला. पंधरा तारखेची सभा एका दिवसाने अवैध ठरू शकते, आणि त्या एका दिवसावर अख्खी निवडणूक गेल्याची उदाहरणं कचेरीत कुणालाही विचारा. नोटीस टपालाने पोचवायची असेल तर ती काढल्यापासून मोजायची की पोचल्यापासून, हेही बंधारणच सांगतं. सांगत नसेल तर चार-पाच दिवस जादा धरावेत. फुकटचा विमा आहे.

नोटीस कोणी काढायची? बहुतेक ठिकाणी मंत्र्याने, प्रमुखाच्या संमतीने. मंत्रीच जाणार असतील आणि रुसून बसले असतील तर उपप्रमुखाने सही ठोकून दिलेली नोटीस चालत नाही, जोवर बंधारणात तशी सोय नाही. कशी पाठवायची? जुन्या बंधारणात ‘रजिस्टर टपालाने’ किंवा ‘हातोहात, सही घेऊन’ असं असतं. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून आता स्पीड पोस्टाची नोंदणीसह सेवा आणि पोहोच घ्यावी आणि दोन्ही कागद जपावेत. पावत्या थर्मल कागदाच्या असतात, सहा महिन्यांत कोऱ्या होतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढून जावक रजिस्टरच्या पानाला डकवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेली नोटीस आठवण म्हणून उत्तम. बंधारणात ती पद्धत नसेल तर पुरावा म्हणून तिच्यावर विसंबू नये.

विषयपत्रिकेत निवडणुकीचा विषय उघड शब्दांत हवा: ‘प्रमुखांची मुदत संपत असल्याने नव्या प्रमुखांची निवड करणे’. ‘मा. प्रमुखांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या ओळीखाली प्रमुख बदलता येत नाही. आमच्याकडे सभा सुरू झाल्यावर आणखी एक विश्वस्त घ्यायची सूचना आली होती. माणूस चांगला होता, विरोध कुणाचा नव्हता. तरी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला, कारण विषयपत्रिकेत नव्हता. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरेल, हे बंधारणात असेल तर तेही नोटिशीत छापावं.

सोसायटी असेल तर मतदार सभासदांची यादी नोटिशीच्या आधी तयार आणि मंत्र्याच्या सहीने बंद हवी. वर्गणी थकलेल्याला मत आहे की नाही हे बंधारणात पाहून तारखेनिशी ठरवावं. सभेच्या दारात वर्गणी घेऊन मतदार करून घेणं हा उद्योग दोन्ही गट करतात आणि दोघांनाही नडतो.

मिनिटबुकाबद्दल थोडक्यात. बांधीव, पानांना छापील आकडे असलेलं, हाताने लिहिलेलं पुस्तक सर्वांत कमी त्रास देतं. टाइप केलेली सुटी पानं चिकटवायची असतील तर प्रत्येक पानावर सभाध्यक्षांची सही अर्धी पानावर, अर्धी पुस्तकावर यावी. हजेरीच्या सह्या मिनिटांच्या आधी, त्याच पुस्तकात. सूचक, अनुमोदक, मतं किती, विरोध कोणाचा, सभा किती वाजता संपली हे लिहायचंच. ‘सर्वानुमते’ हा शब्द बडोद्यातल्या मराठी मंडळींचा फार लाडका आहे. एकाने जरी विरोध नोंदवला असेल आणि मिनिटांत ‘सर्वानुमते’ असेल, तर तो एक माणूस चौकशीत येऊन सगळं मिनिटबुक संशयास्पद करून जातो.

राजीनामा आला तो ‘गेल्या वर्षीचे हिशेब मिळाल्यावर हा राजीनामा समजावा’ अशा वाक्याने. असा सशर्त राजीनामा घेऊ नये. बिनशर्त, तारीख घातलेला, बंधारणात सांगितलेल्या अधिकाऱ्याच्या नावे लिहिलेला नवा कागद घ्यावा. राजीनामा देणाऱ्याचं मन मंजुरीआधी बदलू शकतं हेही लक्षात ठेवावं. मूळ प्रत फाइलला, झेरॉक्स कचेरीला. मूळ मागितली तर दाखवून परत घ्यावी.

रिपोर्टाचा नमुना नियमांच्या परिशिष्ट ३ मधला. तो स्वतः दोन-तीन पानांचा, वजन जोडपत्रांचं. आमच्या फाइलला जोडलं होतं: पी.टी.आर. चा उतारा, बंधारणाची प्रत, नोटीस आणि ती पोचल्याचे पुरावे, हजेरीपत्रक, ठरावांच्या प्रमाणित नकला, मृत्यूचा दाखला, राजीनामा आणि तो मंजूर केल्याचा ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, त्यांचे आधार आणि पॅन, जाणाऱ्यांचे ‘आमची हरकत नाही’ असे सोगंदनामे, रिपोर्ट देणाऱ्या विश्वस्ताचा सोगंदनामा आणि वकीलपत्र. गुजरातेत कागदी स्टॅम्प पेपरची विक्री २०१९ सालीच बंद झाली, त्यामुळे सोगंदनाम्यासाठी ई-स्टॅम्प घ्यावा लागतो, आणि त्यावरचं पहिल्या पक्षाचं नाव सोगंदनामा करणाऱ्याचंच हवं. ट्रस्टच्या नावाने एकदम दहा ई-स्टॅम्प काढून ठेवण्याची काटकसर वाया जाते.

जाणाऱ्यांचा हरकत नसल्याचा सोगंदनामा निरोपसमारंभाच्या दिवशीच घ्यावा. त्या दिवशी सगळे प्रसन्न असतात. चार महिन्यांनी मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या माजी प्रमुखाची सही मिळवणं म्हणजे वकिलातीपर्यंतची वारी.

आता भाषा. मराठी मंडळींनी उभारलेल्या इथल्या संस्थांची जुनी बंधारणं मराठीत असतात, काही अगदी जुने कागद मोडीत. कचेरीचं काम गुजरातीत चालतं. त्यामुळे मराठी बंधारणाचं आणि ठरावाचं गुजराती भाषांतर करून, भाषांतरकाराच्या सोगंदनाम्यासह जोडावं लागतं. ही अडचण नवी नाही. संस्थानाची राजभाषा गुजराती आणि दप्तरात माणसं बहुतेक मराठी, म्हणून सयाजीरावांच्या काळी, १९३१ साली, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोशच तयार झाला होता. जुन्या दस्तातला ‘पंच’, ‘कारभारी’ किंवा ‘चालक’ म्हणजे आजच्या कायद्यातला विश्वस्त की व्यवस्थापक, हा वाद भाषांतरातून सुरू होतो आणि निकालापर्यंत जातो. भाषांतर करणाऱ्याला मूळ शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ द्यायला सांगावं.

नावांचंही तसंच. गुजराती पद्धतीत आडनाव पुढे, मराठीत मागे. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, पी.टी.आर. वर गुजरातीत तिसरंच. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. रिपोर्टात सुरुवातीलाच ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती’ असा सोगंदनामा जोडला तर दोन मुदती वाचतात. मुदत म्हणजे इथे तारीख, तेवढं महाराष्ट्रवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

दाखल झाल्यावर रिपोर्टाला क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच म्हणजे पुढच्या काही महिन्यांचं तुमचं ओळखपत्र. मग जाणाऱ्या विश्वस्तांना नोटिसा निघतात, ते येऊन पुरसिस (हरकत नसल्याचं लेखी निवेदन) देतात, किंवा सोगंदनाम्यावर भागतं. रिपोर्ट देणाऱ्याची जबानी होते, रोजकामात, म्हणजे त्या तारखेच्या कामाच्या टिपणात, नोंद होते. आक्षेप नसेल तर हा भाग सरळ असतो. आक्षेप आला की तो दिवाणी दाव्यासारखा चालतो: लेखी जबाब, कागदांची यादी, उलटतपासणी. दोन गटांनी दोन वेगळ्या सभा घेऊन दोन रिपोर्ट टाकले असतील तर ते साधारणपणे एकत्र चालवतात, आणि तिथे जिंकतो तो ज्याची जावक नोंद धड आहे तो.

या मधल्या काळात ट्रस्ट कोण चालवतो? मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितलंय की रीतसर निवडून आलेले लोक रिपोर्ट प्रलंबित असला तरी काम पाहू शकतात. नोंद ही घडलेल्या बदलाची असते, नोंदीने बदल घडत नाही. हे वकिलाला पटतं. बँकेच्या काउंटरला पटत नाही. बँक म्हणते, उताऱ्यावर नाव दाखवा.

यावर एकच उपाय आम्हाला लागू पडला, आणि तो आधी करावा लागतो. जुन्या प्रमुखांची मुदत संपण्याच्या आत, ज्यांची नावं उताऱ्यावर आहेत अशा विश्वस्तांच्या सभेत ठराव करून खात्यावर तीन सह्या ठेवायच्या, कोणत्याही दोन चालतील अशा. त्यांतल्या दोन तरी अशा विश्वस्तांच्या असाव्यात जे या बदलात जात नाहीत. म्हणजे रिपोर्ट वर्षभर चालला तरी पगार थांबत नाहीत. हे न करता प्रमुख आणि मंत्री यांच्याच सह्या होत्या आणि दोघेही बदलले, तर पोहोच, ठराव आणि जुन्या सहीदारांचं संमतीपत्र घेऊन बँकेच्या विधी विभागाच्या मागे लागण्याला पर्याय नाही. मुदत ठेवी या काळात मोडू नयेत, आणि स्थावर मालमत्तेला तर हातच लावू नये. मालमत्ता विकण्यासाठी लागणारी कलम ३६ ची पूर्वपरवानगी प्रलंबित रिपोर्टाच्या जोरावर मागायला गेलात की आक्षेप घेणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं.

बँकेपेक्षाही बेरकी अडचण मोबाइलची. आयकर, टीडीएस, भविष्यनिर्वाह निधी, नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांसाठीचं दर्पण पोर्टल, विद्यापीठाची सगळी पोर्टलं यांच्यावर ओटीपी जातो तो जुन्या मंत्र्यांच्या खाजगी नंबरवर. टीडीएस (मार्चचा सोडून) पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि ते गृहस्थ नाराज असले तर फोन उचलत नाहीत. चार्ज घेताना आम्ही चोपड्या आणि चाव्यांच्या आधी पोर्टलांची यादी केली: कोणतं पोर्टल, कोणाचा नंबर, कोणाची डिजिटल सही, तिची मुदत कधी संपते. मग ट्रस्टच्या नावाने सिम घेऊन सगळीकडे तोच नंबर घातला. आयकर पोर्टलवर पदाधिकाऱ्यांचा तपशील आणि मुख्य संपर्क दोन्ही बदलावे लागतात, आणि नव्या माणसाची डिजिटल सही आधी त्याच्या स्वतःच्या पॅनच्या खात्यात नोंदवावी लागते. हे ठाऊक नसल्याने सप्टेंबरअखेर ऑडिट रिपोर्ट स्वीकारताना धावपळ होते. विश्वस्त बदलले म्हणून करसवलतीसाठीची आयकराची नोंदणी (१९६१ च्या कायद्यातली १२एबी) नव्याने घ्यावी लागत नाही. उद्देश बदलले तर ३० दिवसांत अर्ज लागतो. म्हणून त्याच सभेत उद्देशांना हात लावू नये. परदेशी देणग्यांची नोंदणी असेल तर मुख्य पदाधिकारी बदलल्याचा एफसी-६ई हा फॉर्म ४५ दिवसांत भरायचा, चॅरिटीच्या हुकमाची वाट न पाहता. नव्या पदाधिकाऱ्याचं आधार लागतंच.

सोसायटी असेल तर आणखी एक बारीक काम राहून जातं. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कारोबारीची यादी सोसायटी रजिस्ट्रारकडे द्यायची, दरवर्षी, बदल असो वा नसो. जुन्या वादांत या वार्षिक याद्याच सर्वांत उपयोगी पुरावा ठरतात.

हुकूम झाला की लगेच उड्या मारू नयेत. नाराज पक्षाला चॅरिटी कमिशनरकडे अपिलासाठी ६० दिवस असतात. त्या काळात हुकमाची प्रमाणित नकल आणि दुरुस्त पी.टी.आर. चे पाच-सहा उतारे एकदमच काढावेत: बँक, शिक्षणाधिकारी, विद्यापीठाचे रजिस्ट्रार, गांधीनगरचा शिक्षण विभाग, एक ऑडिटरला, एक फाइलला. उतारा हातात आल्यावर त्यातलं प्रत्येक नाव, प्रत्येक काना-मात्रा कचेरीतच उभं राहून वाचावी. चूक तिथल्या तिथे दाखवली तर दुरुस्ती होते. घरी येऊन सापडली तर पुन्हा अर्ज.

सर्वांत शेवटी सिटी सर्वे. शाळेची इमारत प्रॉपर्टी कार्डावर ‘ट्रस्टचे वहिवटदार’ (कारभार पाहणारे) म्हणून कुणा दोन-तीन माणसांच्या नावावर असते, आणि ती माणसं कधीच गेलेली असतात. वारसांपैकी एखाद्याला कुणीतरी ते कार्ड दाखवतं आणि कोर्टकचेरी सुरू होते. ताजा उतारा आणि हुकूम लावून नव्या विश्वस्तांची नावं चढवण्याचा अर्ज द्यावा, आणि शक्य असेल तिथे माणसांच्या नावांच्या पुढे ट्रस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. शेतजमीन असेल तर हेच काम सात-बाराला. आमच्या फाइलमधलं हे काम अजून चालू आहे. कार्डावर तीन नावं होती, त्यांतलं एक नाव कोणाचं ते मिनिटबुकं मागे मागे चाळत १९५२ पर्यंत आलो तेव्हा कळलं.